निराळ्या घडणीच्या बालकांच्या माता आणि शाळेचे साहाय्य

प्राथमिक शाळेतून एखाद्या मुलाच्या आईस बोलावणे जाते तेव्हा बहुधा तक्रारच सांगावयाची असते. मूल जागेवर बसत नाही. हाक मारली तरी वळून पाहत नाही. दुसरी इयत्ता सरत आली तरी जोडाक्षर ओळखत नाही. घंटा वाजली की कानांवर हात ठेवून किंचाळते. हीच गाऱ्हाणी त्या आईने यापूर्वी सासूकडून, शेजारणीकडून आणि बसमधल्या अनोळखी माणसांकडूनही ऐकलेली असतात. शाळेत तिला त्यांची आणखी एकदा उजळणी तेवढी मिळते. वस्तुतः अशा मातेस शासनाकडून, रुग्णालयांकडून व सेवाभावी संस्थांकडून मिळू शकणारे साहाय्य आज अगदीच थोडे नाही. परंतु ते दहा ठिकाणी विखुरलेले आहे, आणि ते गोळा करण्याचे सारे ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर पडते. या ओझ्यातील कोणता भाग गावच्या शिक्षकास उचलता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाविषयी. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांच्या १९९८ च्या लेखनापासून ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द रूढ होत गेला. माणसांचे चेहरे जसे सारखे नसतात तशी मेंदूची घडणही सर्वांची एकच नसते, हा त्याचा साधा अर्थ. ज्यांची घडण बहुसंख्यांहून निराळी, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात. स्वमग्नता, वाचन-लेखन-गणनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता, अवधानन्यूनता व अतिचंचलता ही त्याची शाळेत वारंवार आढळणारी रूपे होत. यांपैकी काही मुलांना बौद्धिक अक्षमताही असते; पुष्कळांना ती नसते, आणि काही तर वर्गातील इतरांहून तल्लख असतात. जुन्या शिक्षकांच्या तोंडी ‘मतिमंद’ हा एकच शब्द बसलेला आहे. तो आता सोडावयास हवा. तो अवमानकारक आहेच. शिवाय परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशा मुलांना तो एकाच माळेत ओवतो, आणि मग कोणालाच योग्य ते साहाय्य मिळत नाही.

मातेच्या माथी दोष मारण्याची सवय केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. आपल्याकडे ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले, तिने मुलाला लाडावून ठेवले, ती कामावर गेली, अशी कारणे सांगतात. पाश्चात्त्य देशांत हीच गोष्ट विद्वानांनी शास्त्राच्या भाषेत सांगितली. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत १९४३ साली अकरा मुलांची लक्षणे वर्णून स्वमग्नतेची ओळख जगाला करून दिली. पुढे त्यांनीच आईबापांच्या थंड वागणुकीकडे बोट दाखविले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून हा आरोप घरोघर पोहोचविला. मातेच्या प्रेमाची ऊब न मिळाल्याने मूल स्वतःत मिटून जाते, असे ते सांगत. आणि हजारो स्त्रिया ते खरे मानून आयुष्यभर झुरल्या. या मताला पहिला जोराचा धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील व मानसशास्त्राचे अभ्यासक होते. १९६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या अवस्थेचे मूळ शरीरात आहे, संगोपनात नाही, असे प्रतिपादन केले. १९६९ साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना दोषमुक्त केले, आणि १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा भाग किती मोठा आहे ते दिसून आले. हा इतिहास शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण ‘आईच लक्ष देत नाही’ हे वाक्य शाळेच्या व्हरांड्यात आजही सहज उच्चारले जाते. शिक्षकाने मातेला द्यावयाचे पहिले साहाय्य फुकटचे आहे. यात तुमचा दोष नाही, हे त्याने तिला स्पष्ट शब्दांत, आणि जमल्यास तिच्या पतीच्या व सासूच्या समक्ष, सांगावे.

आपल्या राज्यात या मुलांसाठी जे उभे राहिले त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा आईबापांचीच तळमळ आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ साली निघाली ती वकील दांपत्याने आपल्या जय नावाच्या मुलीला शिकविण्यासाठी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळांकरिता ‘दिशा’ हा अभ्यासक्रम या संस्थेने शासनाच्या साहाय्याने तयार केला आहे. मेंदूचा पक्षाघात झालेल्या कन्येच्या शिक्षणासाठी मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली. दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या मातेने १९९१ साली ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. तेथे मुलाबरोबर आईलाही शिकवितात, हे विशेष. मुंबईत २००१ पासून ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र चालते, आणि ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचाच संघ आहे. मात्र हे सारे शहरात, आणि शहरातही ठरावीक भागांत.

येथे मीरा-भाईंदरचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या या वस्तीला १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका मिळाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या आठ लक्षांवर होती. एका बाजूस लोकलगाडीची स्थानके व उंच इमारती, तर दुसऱ्या बाजूस उत्तन, पाली, चौक हे कोळीवाडे, आणि राई, मुर्धे, मोर्वा ही मिठागरांच्या शेजारची जुनी गावे. शहराचे नाव लागले तरी तेथील मातेची अडचण मुरबाड-शहापूरच्या मातेहून फारशी निराळी नाही, म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षकानेही ती समजून घ्यावी.

उत्तनच्या कोळीवाड्यातील एखादी माता डोळ्यांसमोर आणावी. पती होडीवर गेलेला, कधी दोन दिवस तर कधी आठ. पहाटे मासळी घ्यावयाची, बोंबील वाळत घालावयाचे, पाटी घेऊन बाजार गाठावयाचा. मुलगा सात वर्षांचा. बोलणे चार शब्दांचे. गर्दी व गोंगाट सहन होत नाही. मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात त्याला दाखवावयाचे ठरले, तर उत्तनहून बसने भाईंदर स्थानक, तेथून पश्चिम रेल्वेच्या गाडीने दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेची गाडी, आणि मग शीव. ठाण्यास जावयाचे तर घोडबंदर रस्त्याने बस, आणि त्या रस्त्यावरील वाहतुकीचा खोळंबा. एका खेपेला दिवस जातो, दिवसाची कमाई जाते. तेथे गेल्यावर ‘आधारपत्र नाही’, ‘डॉक्टर गुरुवारी बसतात’, ‘शाळेचे पत्र आणा’ असे सांगून परत धाडले, की तिसऱ्या खेपेस ती जात नाही. कागद वेळेवर पुरे असते तर तिच्या दोन खेपा वाचल्या असत्या. शिक्षकाला जे करता येण्याजोगे आहे ते बरेचसे येथेच आहे.

साहाय्याची वाट कोठून सुरू होते? खरे तर ती शाळेच्या दारातच येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमाचे आरोग्यपथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते, आणि जन्मजात दोष, आजार व कमतरता यांबरोबरच विकासातील विलंबही तपासते. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. पथक येते त्या दिवशी रांग लांब असते व वेळ थोडा. ज्या मुलाला खरोखर दाखवावयाचे ते त्या दिवशी गोंगाटाला घाबरून हमखास गैरहजर राहते! म्हणून तारीख कळताच शिक्षकाने आईस निरोप द्यावा, त्या मुलाला प्रथम बोलवावे, आणि लेखी निरीक्षणाचा कागद पथकाच्या हाती द्यावा.

हा निरीक्षणाचा कागद म्हणजे सर्व खटाटोपाचा कणा होय. ‘मूल लक्ष देत नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या काहीच उपयोगाचे नाही. ‘अर्ध्या तासात सात वेळा जागेवरून उठले, पाठीमागून नाव घेऊन पाच वेळा हाक मारली असता एकदा वळले, पत्र्यावर पावसाचा आवाज होताच कान झाकून कोपऱ्यात गेले, दोन अंकी बेरीज तोंडी बिनचूक करते, पण तीच फळ्यावरून उतरवून घेताना अंकांची अदलाबदल करते, मधल्या सुट्टीत एकाच सवंगड्याजवळ बसते’ ही वाक्ये मोलाची आहेत. महिनाभरात आठवड्यातून एकदा चार ओळी लिहिल्या तरी एक पान भरते. मुलाला काय येते तेही त्यात अवश्य लिहावे. निदान लिहू नये. तो शिक्षकाचा अधिकार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ साली काढलेली ‘प्रशस्त’ ही तपासणीसूची याच कामासाठी आहे. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने व दुसरा विशेष शिक्षकाने भरावयाचा असतो. तीही निदान करीत नाही, केवळ पुढे पाठविण्याची शिफारस करते. कागदावर तारीख व स्वाक्षरी घालून एक प्रत आईजवळ द्यावी. तो वर्गात वाचून दाखवू नये, हे सांगावयास नकोच. पण काही ठिकाणी तसे घडते, म्हणून सांगितले.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही पुढची पायरी. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. त्यांत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात यांच्या बरोबर थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल व दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार हेही आले. अर्ज ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर करावयाचा असून त्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणीस बोलावतात. अर्ज भरण्यास अर्धा तास लागतो. ज्या शिक्षकाला शाळेची माहिती ऑनलाइन भरण्याची सवय आहे त्याला तो कठीण नाही. मातेला मात्र तो डोंगराएवढा वाटतो. चाळीस टक्के वा अधिक प्रमाण ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. ज्याला शाळेत येणेच अशक्य अशा तीव्र वा बहुविध दिव्यांग मुलास घरी शिक्षण घेण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. तथापि घरी शिक्षण म्हणजे हजेरीपटावर नाव आणि मूल विस्मरणात, असे होता कामा नये.

प्रमाणपत्र नसले तरी मूल शाळेत घेण्यास काही आडकाठी नाही, हे येथेच नमूद करावे. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे साधनव्यक्ती व विशेष शिक्षक यांना नाव कळविणे हे मुख्याध्यापकाचे काम आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा विद्यार्थ्यांसाठी प्रवास व मदतनीस भत्त्याची, साहित्याची तरतूद असते. मुलींना दरमहा २०० रुपये दहा महिन्यांपर्यंत मिळण्याची सोय आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावयाचा असतो. ग्रामसभेत हा प्रश्न कोणी विचारीत नाही म्हणून तो निधी पुष्कळदा सरसकट वाटपात जातो. शिक्षकाने सरपंचांच्या कानी घातल्यास त्यातून एखाद्या मुलाच्या वाचा-उपचाराचा प्रवासखर्च निघू शकेल. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांस राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लक्ष रुपयांपर्यंत उपचारखर्च देते. तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी व नियमित उपचारही बसतात, आणि ही गोष्ट फार थोड्या मातांना माहीत आहे.

अध्ययन अक्षमतेचा मार्ग थोडा निराळा. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे या विषयातील चिकित्सालय प्रसिद्ध आहे; महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही १९९६ चीच. वाढीव वेळ, लेखनिक इत्यादी सोयी यातून मिळतात. तपासणी साधारणतः तिसरी इयत्ता वा आठ वर्षांच्या सुमारास होते, त्यामुळे पहिली-दुसरीत घाई नको. पण ‘मोठा झाला की येईल’ म्हणून सातवीपर्यंत थांबणे हा त्याहून मोठा घात आहे. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय लोकांपुढे आणला खरा, पण त्यातील मुलाप्रमाणे प्रत्येक मूल चित्रकार निघेल अशी आशा मातेस लावू नये. अवधानन्यूनता व अतिचंचलता मात्र कायद्याच्या एकवीस प्रकारांत स्वतंत्रपणे नाही. तेव्हा केवळ या एका कारणासाठी प्रमाणपत्र मिळत नाही, आणि अशा मुलाचे सारे शिक्षकाच्या समजुतीवर अवलंबून राहते: पुढच्या रांगेत जागा, एका वेळी एकच सूचना, पाणी आणावयाचे वा खडू वाटावयाचे काम देऊन मधूनमधून उठण्याची मोकळीक. याला कोणत्याही आदेशाची आवश्यकता नाही.

मातेच्या स्वतःच्या प्रकृतीकडे कोणाचेच लक्ष नसते. रात्री न झोपणाऱ्या मुलामागे ती वर्षानुवर्षे जागते. तिलाच मधुमेह वा संधिवात असला तर औषध चुकते. तिला सर्वांत अधिक हवी असते ती दोन तासांची निश्चिंती. शाळेने मुलाला वेळेआधी घरी धाडण्याचा शिरस्ता बंद केला तरी ती तिला मिळते. ‘आज फार त्रास देतो, घेऊन जा’ असा निरोप आठवड्यातून तीनदा गेला, की त्या स्त्रीला मजुरीस जाणेच सोडावे लागते. केंद्रातील चार-पाच शाळांमधून अशा मातांना महिन्यातून एकदा एकत्र बसविता आले तर फार चांगले. तेथे भाषण नको, चहा असावा. कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर भेटतात, कोणत्या खिडकीवर गर्दी कमी, हे ज्ञान एका मातेकडून दुसरीला जितके लवकर पोहोचते तितके कोणत्याही पत्रकाने पोहोचत नाही. एखादी फार खचलेली दिसल्यास १४४१६ हा ‘टेली मानस’चा निःशुल्क क्रमांक तिला लिहून द्यावा, २०२२ पासून ही सेवा अहोरात्र चालू असून मराठीतही बोलता येते. आणि अशाच बैठकीत एक इशाराही द्यावा. स्वमग्नता ‘बरी करून देतो’ म्हणून मूलपेशींची इंजेक्शने लाखो रुपयांना विकणारे लोक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या उपचाराला मान्यता नाही. दागिने मोडण्यापूर्वी हे कळलेले बरे.

दीर्घ आजाराच्या मुलांविषयी थोडक्यात. अपस्माराचा झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, भोवतीच्या वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, नाकाशी कांदा वा चप्पल धरू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ दवाखान्यात न्यावे. सिकल सेलचे मूल, आणि आदिवासी पाड्यांवर ही मुले आढळतात, वारंवार पाणी पिते व लघवीस जाते. त्याला परवानगीसाठी थांबवू नये, आणि थंडीवाऱ्यात व उन्हात कवायतीला उभे करू नये. टाइप १ मधुमेहाच्या मुलाला वर्गात खाण्याची मुभा हवी. अंगाला घाम, कंप व गुंगी दिसली की प्रथम साखर द्यावी, मग चौकशी करावी. या तीन गोष्टी शाळेला येतात असा विश्वास वाटला, तरच आई फाटकाबाहेर दिवसभर बसण्याचे सोडते.

रुग्णालयाच्या खेपा केव्हा कराव्यात हेही ठरविता येते. कोळीवाड्यात जून-जुलैच्या मासेमारीबंदीत पुरुष घरी असतात. त्या काळात धाकटी मुले त्यांच्यावर सोपवून आईला थोरल्याबरोबर जाता येते, किंवा बापालाच पाठविता येते, आणि ते अधिक बरे. भातशेतीच्या गावात हाच काळ लावणीचा, म्हणून तेथे दिवाळीनंतरचे दिवस योग्य. शाळेने या दिवसांची गैरहजेरी मुलाच्या माथी मारू नये.

‘माझ्यामागे याचे काय?’ हा प्रश्न मातांच्या बैठकीत उशिरा निघतो, पण प्रत्येकीच्या मनात तो पहिल्या दिवसापासून असतो. अठरा वर्षे पूर्ण होताच कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते व आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते, मग त्याला स्वतःचा व्यवहार कळो वा न कळो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करावयाचा असतो. प्राथमिक शाळेतील मुलाच्या बाबतीत हे दूरचे वाटेल, परंतु त्या अर्जाची तयारी पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी होत असते. दाखल-खारीज नोंदवहीत, आधारपत्रावर व जन्मदाखल्यावर मुलाचे व आईचे नाव एकाच तऱ्हेने लिहिलेले नसेल, जन्मतारखेत एका दिवसाचाही फरक असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्रापासून विमा व पालकत्वापर्यंत प्रत्येक अर्ज परत येतो. ही तपासणी मुख्याध्यापकाने प्रवेशाच्या वेळीच, आईला समोर बसवून, तिन्ही कागद शेजारी ठेवून करावी. चूक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी लिहून तिच्या हाती द्यावा.